एचआर राजीनामा लिहून मागतायत. देऊ का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत 16 वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे. आम्ही 140 कायम कामगार. मालक उत्पादन व्हिएतनामला नेतायत, दोन मशीनं गेलीसुद्धा. एचआर म्हणतात, शुक्रवारपर्यंत राजीनामा द्या आणि सगळं मिळून 3 लाख घ्या, नाहीतर तेही बुडतील. महिन्याचा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 26,000 आहे.

उत्तर : सही करू नका. राजीनामा दिला की नोकरी तुम्ही आपण होऊन सोडली असा अर्थ होतो, आणि कारखाना बंद झाल्याची भरपाई मागायला जागाच उरत नाही. जबरदस्ती झाली असं नंतर म्हणता येतं, पण ते शाबीत तुम्हालाच करावं लागतं.

कारखाना जाणं थांबेल का? अवघड आहे. केंद्राच्या जुन्या कायद्यात 100 कामगार असले की कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ही मर्यादा 300 वर गेली. आता 140 कामगारांच्या मालकाने सरकारला 60 दिवस आधी नोटीस दिली की झालं. मला हा बदल पटलेला नाही, पण कायदा आज हाच आहे. तेव्हा भांडायचं ते हिशेबावर.

ग्रॅच्युइटी : 26,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 16 वर्षं, म्हणजे 2,40,000. कारखाना बंद झाल्याची भरपाई : वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, 13,000 गुणिले 16, म्हणजे 2,08,000. तुम्हाला महिनाभर आधी नोटीस दिली नाही तर आणखी 26,000. झाले 4,74,000. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. पीएफ तर तुमचाच. तो त्या ‘सगळं मिळून’मध्ये धरलाय का, हे एचआरना जरूर विचारा!

‘परिस्थिती हाताबाहेर गेली’ म्हणून भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर आणायचा प्रयत्न होईल. तशी तरतूद आहे खरी, पण नुसती आर्थिक अडचण किंवा पडून राहिलेला माल हे कारण चालत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. तुमच्या मालकांनी तर ठरवून मशीनं हलवलीत.

एकट्याने जाऊ नका. जमतील तेवढ्यांच्या सह्या घेऊन सांगलीच्या सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या, 60 दिवसांची नोटीस आली का ते विचारा आणि अर्जाची पोच घ्या. एचआरचे व्हॉट्सॲप मेसेज जपा. नेमणूकपत्र सापडत नसेल तर पीएफच्या पोर्टलवर सेवेची नोंद उघडा, रुजू झाल्याची तारीख तिथे दिसते.