वाचकांचे प्रश्न : मूकपटातला संसार

प्रश्न : आमच्या वाचनालयात गेल्या महिन्यात जुने विदेशी मूकपट दाखवले. बहुतेक विनोद नवरा-बायकोची भांडणे आणि घरातली पडझड यांभोवतीच फिरत होते. असे का असावे? त्या काळी आपल्या निजामी राज्यात कुणी असे चित्रपट काढले होते का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : संसाराची थट्टा आपल्याला नवी नाही. पैठणच्या नाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करते आणि त्या बदल्यात सासरच्या एकेका माणसापासून सुटका मागून घेते. लुगडे नेसलेला सोंगाड्या हे भारूड म्हणू लागला की समोर बसलेल्या सासवाही पदर तोंडाला लावून हसतात. पण ती सगळी गंमत बोलण्यात आहे, आणि मूकपटाला तर तोंडच नव्हते. पडद्यावरच्या चार-दोन पाट्यांवर भागवायचे, त्यात हजार फुटांचे एक रीळ जेमतेम पंधरा-सोळा मिनिटे चालणार, तेव्हा पात्रांची ओळख करून देत बसणे परवडत नसे. नवरा रात्री उशिरा पायातले बूट हातात घेऊन घरात शिरतो आहे, एवढे दाखवले की पुढचे प्रेक्षक स्वतःच्या घरावरून ओळखत असे.

अमेरिकेतल्या व्हायटाग्राफ कंपनीने हे लवकर हेरले होते. लठ्ठ जॉन बनी आणि काटकुळी फ्लोरा फिंच यांची जोडी तिने पती-पत्नी म्हणून पुन्हा पुन्हा पडद्यावर आणली. त्यांच्या १९१२ सालच्या एका चित्रपटात पत्ते सोडल्याची शपथ घेतलेला नवरा कुठल्याशा मंडळाच्या बैठकीचे निमित्त काढून दर आठवड्याला जुगाराला जातो आणि झोपेत बरळल्यामुळे पकडला जातो. मूकपटात झोपेत बरळणे, ही कल्पनाच मोठी धिटाईची! तरीही खोटारडा नवरा आणि करवादणारी बायको हा साचा दोन-तीन चित्रपटांनंतर शिळा वाटू लागतो, हे मान्य करावे लागेल.

अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा १९२० सालचा ‘वन वीक’ मात्र आवर्जून पाहावा. नवपरिणीत जोडप्याला लग्नाच्या भेटीत सुटे भाग जोडून उभारायचे घर मिळते, पण हिरमुसलेला प्रतिस्पर्धी त्या भागांच्या पेट्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. मग वरच्या मजल्याचे दार थेट अधांतरी उघडते, पियानो दोरीने आत ओढताना त्याच्या भाराने छतच खाली लवते, आणि वादळात ते सबंध घर जत्रेतल्या रहाटासारखे गरगरू लागते. पुढे कळते की घर भलत्याच जागेवर बांधले आहे. ते ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकते. समोरून गाडी येते, दोघे डोळे झाकतात, गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते आणि ते सुटकेचा श्वास सोडतात न सोडतात तोच उलट दिशेने आलेली दुसरी गाडी घराचा चुराडा करते. त्या ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावून, सोबत घर जोडण्याची सूचनापत्रिका ठेवून, दोघे हातात हात घालून चालू लागतात. येथे भांडण घराशी आहे, बायकोशी नाही. या चित्रपटाचा ताजेपणा मला त्यातच दिसतो.

आता आपल्या मुलखाविषयी. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि राजधानीत १९२२ साली बंगालचे धीरेंद्रनाथ गांगुली यांनी निजामाच्या आश्रयाने लोटस फिल्म कंपनी काढली होती. विलायतेहून परतलेल्या तरुणाची थट्टा करणाऱ्या ‘बिलात फेरत’ या चित्रपटामुळे त्यांचे नाव आधीच झाले होते. हैदराबादेत त्यांनी काढलेल्या मूकपटांमध्ये ‘मॅरेज टॉनिक’ असे आपल्या प्रश्नाला साजेसे नाव आढळते. त्यांचा मुक्काम मात्र फार टिकला नाही, आणि त्याला कारण त्यांचे विनोदीपट नव्हते. मुस्लिम राणी आणि हिंदू पुरुष यांच्या प्रेमाची कथा सांगणारा ‘रझिया बेगम’ हा दुसऱ्याच कंपनीचा चित्रपट त्यांनी १९२४ साली तेथे दाखवला, तेव्हा निजामाने त्यांना संस्थान सोडण्याचा हुकूम दिला.