इमारतीचा झोका आणि थोपवणारा हात

दादा, सप्रेम नमस्कार.

पाटणहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा सांगलीत सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जोराच्या वाऱ्यात उंच इमारतींची थरथर यंत्राने कशी आवरायची, यावर त्याला प्रोजेक्ट करायचाय, पुढे एम.टेक.सुद्धा. आणि तुमचा प्रश्न, ‘आपल्याकडं एवढं उंच कोण बांधतंय? हे शिकून पोट भरेल का?’

आधी विषय सांगतो. उंच इमारत वाऱ्यात डोलतेच. पडत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला गरगरतं. तैवानमधल्या तैपेई 101 या उंच इमारतीत त्यासाठी सुमारे 660 टनांचा पोलादी गोळा टांगलाय. इमारत एकीकडे झुकली की तो मागे राहतो आणि झोका मुरवतो. त्याला वीज लागत नाही. मुलाचा विषय याच्या पुढचा: सेन्सर हालचाल मोजतात, कॉम्प्युटर हिशेब करतो आणि यंत्र वजन ढकलतं. टोकियोतल्या एका 11 मजली इमारतीत 1989 साली हे बसवलं गेलं.

नागपंचमीचा झोका आठवा. झोका आपल्याकडे येत असताना हात लावला तर मंदावतो. जरा उशीर झाला, तो परत फिरल्यावर हात लागला, तर उलट आणखी चढतो. इमारतीतही मोजणं, हिशेब, ढकलणं यात क्षणभर जातोच. तो क्षण धरून जोर किती लावायचा, कुठल्या मजल्यावर, किती विजेत, हा मेळ घालणं म्हणजे ऑप्टिमायझेशन. जोर वाढवला तर हालचाल कमी होते, पण यंत्र आणि खर्च दोन्ही वाढतात. शिवाय वादळात वीज जाते ती नेमकी तेव्हाच! म्हणून वीज नसतानाही निदान साध्या गोळ्यासारखं काम करेल अशी रचना लागते.

आता पोटाचं. निव्वळ याच कामाच्या नोकऱ्या आपल्या देशात थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण मुंबई-पुण्याच्या टॉवरचं डिझाइन करणाऱ्यांना वाऱ्याचं गणित येणारी माणसं लागतात. 50 मीटरवरच्या काँक्रीटच्या इमारतींसाठी 2017 पासून आय.एस. 16700 हा वेगळा कोड, म्हणजे डिझाइनची भारतीय नियमावली, आहे. आणि तुमच्या डोक्यावरच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठाराकडे बघा. आधुनिक पवनचक्कीत पात्यांचा कोन बदलून टॉवरची थरथर आवरतात, विद्या तीच.

त्यामुळे करू द्या. मात्र आर.सी.सी. आणि स्टील डिझाइन त्याने सोडू नये, भाकरी तिथेच आहे. मॅट्रिक्सचं गणित पक्कं करावं, इलेक्ट्रिकलवाल्यांच्या कंट्रोल सिस्टिमच्या तासाला जाऊन बसावं, गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, द्यावी. रुरकीच्या आय.आय.टी.त भूकंप अभियांत्रिकीचा विभाग आहे, चेन्नईच्या एस.ई.आर.सी. या बांधकाम-संशोधन संस्थेत वाऱ्याचा बोगदा आहे, त्यात वारा सोडून मॉडेल तपासतात. दोन्ही ठिकाणांची माहिती काढावी.

प्रोजेक्ट नुसता स्क्रीनवर नको. दोन पोलादी पट्ट्या उभ्या पक्क्या करायच्या, वर प्लायचा तुकडा, त्यावर मोबाइल बांधायचा. फोनमधला सेन्सर थरथरीचा आलेख काढतो. मग दोऱ्याला नट बांधून प्लायखाली टांगायचा आणि दोऱ्याची लांबी बदलत जायचं. एका ठरावीक लांबीला थरथर पटकन विरते. ती लांबी त्याने आधी गणिताने काढावी, मग मोटर जोडायच्या मागे लागावं.

तो घरी आला की एवढंच विचारा: ‘हात उशिरा लागला तर काय होईल, ते हिशेबात धरलंस का?’ नीट समजावून सांगितलं, तर गेटचा फॉर्म भरू द्या.