खेळाचं विचारा: सीझनभर पहिले, तरी मार्चमध्ये घरी?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत शिकतो. त्याच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम सीझनभर त्यांच्या कॉन्फरन्समध्ये पहिली होती, मग मार्चमध्ये कॉन्फरन्सची टूर्नामेंट झाली त्यात सेमीफायनलला हरले आणि म्हणे आता मोठ्या स्पर्धेत नाहीत. पोरगा फोनवर रडवेला झालेला. एका मॅचमध्ये सगळं जातं हा कुठला न्याय?
– एक मावशी, चिपळूण

उत्तर: मावशी, भाच्याचं दुःख अगदी खरंय, आणि तिकडे दर मार्चला कितीतरी कॉलेजांत हेच होतं. एनसीएए म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या पातळीवर साडेतीनशेच्या वर कॉलेजं, ती तीसेक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या गटांमध्ये वाटलेली, आणि देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धेत जागा ६८. २०२५ साली त्यातल्या ३१ कॉन्फरन्सच्या चॅम्पियनना मिळाल्या आणि ३७ टीम कमिटीने निवडल्या. आता चॅम्पियन कोण, तर सीझनला टेबलात वर असलेला नाही, शेवटची टूर्नामेंट जिंकेल तो. मोठ्या कॉन्फरन्समधली चांगली टीम हरली तरी कमिटी तिला उचलते, पण छोट्या कॉन्फरन्सला बहुतेक वेळा एकच जागा मिळते, त्यामुळे तिथे हरला की संपलं.

पूर्वी तर मोठ्यांनाही हेच होतं. १९७४ मध्ये एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सच्या फायनलला नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला ओव्हरटाइममध्ये १०३-१०० असं हरवलं आणि देशात पहिल्या पाचात असलेली मेरीलँडची टीम घरी बसली, कारण कॉन्फरन्समागे एकच टीम घ्यायचा नियम होता. पुढच्याच वर्षी तो बदलला, ३२ टीम झाल्या.

तरीपण मला ही टूर्नामेंट हवी असं वाटतं आणि त्याचं कारण २०१८. अमेरिका ईस्ट कॉन्फरन्समध्ये व्हरमाँट पहिली, फायनल त्यांच्याच जिममध्ये, आणि बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी या कॉलेजच्या जायरस लाइल्सने अगदी शेवटी थ्री-पॉइंटर टाकून ६५-६२ ने मॅच काढली. मग हीच टीम मोठ्या स्पर्धेत सोळावं सीड, म्हणजे सगळ्यात खालचं मानांकन, घेऊन गेली आणि पहिल्या सीडच्या व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं, पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं!! टूर्नामेंट नसती तर ही पोरं तिथे पोचलीच नसती. पण पहिल्या नंबराला भरपूर सवलत पाहिजे, याबाबतीत मी भाच्याच्या बाजूने. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सने पहिल्या दोन टीमना थेट सेमीफायनलला ठेवलं, काही छोट्या कॉन्फरन्स वरच्या सीडला घरच्या कोर्टवर खेळवतात, हे मला योग्य वाटतं.

प्रश्न: शिमग्यात पालखीच्या मागे रात्री जागतोच, तेव्हाच अमेरिकेतल्या या कॉलेज बास्केटबॉलच्या मॅच असतात असं मित्र बोलला. जुनी कुठली बघू?
– कॉलेजकुमार, रत्नागिरी

उत्तर: १२ मार्च २००९, बिग ईस्ट या कॉन्फरन्सची क्वार्टरफायनल, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, सिराक्यूस विरुद्ध कनेक्टिकट. सहा ओव्हरटाइम! चाळीस मिनिटांची मॅच सत्तर मिनिटं खेळले, मध्यरात्र उलटून गेली, पहिल्या पाच ओव्हरटाइममध्ये सिराक्यूसला एकदाही लीड नाही आणि सहाव्यात १२७-११७ जिंकले. दुसऱ्या दिवशी परत ओव्हरटाइम खेळून जिंकले बरं का, आणि फायनलला लुइव्हिलकडून हरले. मग २०११ चं कनेक्टिकट बघ, केम्बा वॉकरची टीम, सीझनमध्ये नववी आलेली, पाच दिवसांत पाच मॅच जिंकून बिग ईस्ट घेतलं आणि पुढे नॅशनल टायटलपण. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने एसीसीत तसेच पाच दिवसांत पाच काढले, दहाव्या सीडवरून, आणि मोठ्या स्पर्धेत फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारात गेले. थकलेल्या पायांनी पोरं शेवटच्या दोन मिनिटांत कशी डिफेन्स करतात ते नीट बघ. आणि ६८ टीम जाहीर होतात तो रविवार तिकडे संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास.

प्रश्न: मुलींसाठी पण असं असतं का? आणि आमची कॉलेज टीम जिंकली तर पुढे जाते का?
– एक खेळाडू, सावंतवाडी

उत्तर: असतं गं, प्रत्येक कॉन्फरन्सची मुलींची वेगळी टूर्नामेंट, आणि मोठ्या स्पर्धेत २०२२ पासून त्यांच्याही ६८ टीम. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या झोनमध्ये कॉलेज जिंकलं तरी पुढे कॉलेज जात नाही, निवड होऊन विद्यापीठाची एक टीम वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. म्हणजे तू जाशील, तुझ्या मैत्रिणी कदाचित नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांनी एकमेकांकडे जाऊन खेळायची लीग करावी. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर पावसाचे चार महिने काही होत नाही, पण दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत वेळ असतो. जिमखान्याच्या सरांना दोन कॉलेजांपासून सुरू करायला सांगा, तुम्ही आणि कुडाळ किंवा कणकवलीचं एखादं, एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.