फुलं नसताना झाड कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न असा : तीन-तीन पानांचं झाड आहे, फुलं गळून गेलीत, झाडं ओळखणारं अ‍ॅप एकदा पळस म्हणतं, एकदा पांगारा. मग फुलांशिवाय ओळखायला सुरुवात कुठून करायची?

आधी तुमचं झाड. कोवळी फांदी नीट बघा. तिच्यावर आखूड, टोकदार काटे असतील तर पांगारा. बुंध्यावर विसंबू नका, जुन्या पांगाऱ्याच्या बुंध्यावरचे काटे झडलेले असू शकतात. पळसाला काटे नसतातच. त्याचं पान जाड, खरखरीत, मधलं दल टोकाशी बोथट किंवा किंचित खाचेचं. पांगाऱ्याचं पातळ आणि टोकाला निमुळतं. झाडाखाली शेंग सापडली तर प्रश्नच मिटला. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असतं, पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया असतात आणि प्रत्येक दोन बियांमध्ये शेंग आवळलेली दिसते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही 'तीन पानं' लिहिलंय, पण ते एकच पान आहे आणि त्याला तीन पर्णिका, म्हणजे वर म्हटलेली दलं, आहेत. नवशिक्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते, आणि पुढचं सगळं यावरच उभं असतं. ओळखायची खूण सोपी आहे : पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो त्या बेचक्यात डोळा (नवा फुटवा जिथून येतो तो बारीक कोंब) असतो, पर्णिकेच्या बुडाशी तो कधीच नसतो. शेवग्याची हातभर लांब, नाजूक 'डहाळी' धरून बघा. आत कुठेही डोळा सापडणार नाही, कारण ते अख्खं एक पान आहे.

पान कुठलं हे कळलं की पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत की सातविणीसारखी एकाच पेरावर गोलाकार, ते पाहा. मग देठ मोडून चीक येतो का, चुरगळल्यावर वास कसा, हे बघा (चीक डोळ्याला लागू देऊ नका, रुईचा तर अजिबात नाही).

नावं पाठ करण्यापेक्षा कुळं, म्हणजे नात्यातल्या वनस्पतींचे गट, शिका, हे मी आग्रहाने सांगेन. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, वास, दोन ओठांचं फूल म्हटलं की तुळशीचं कुळ आठवावं. पण टणटणीचंही खोड चौकोनी, पानं समोरासमोर, वास उग्र! तिथे फळ बघायचं. टणटणीला रसाळ, पिकल्यावर काळी होणारी फळं येतात. तुळशीच्या कुळात फुलाच्या वाळक्या पेल्यात बहुधा चार बारीक कोरडे दाणे सापडतात. दहापट भिंग जवळ ठेवा, हे दाणे त्यात सुरेख दिसतात.

अ‍ॅप जरूर वापरा, पण त्याचं उत्तर हा अंदाज समजा आणि वरच्या खुणांशी ताडून बघा. फोटो काढताना नुसतं फूल नको : पानाची खालची बाजू, देठाचा सांधा, साल, फळ आणि लांबून अख्खं झाड, एवढं हवंच. नोंद करताना शास्त्रीय नाव लिहा. 1753 साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने रूढ केलेली ही दोन शब्दांची पद्धत जगभर चालते.

आणि अ‍ॅपच्या भरवशावर काहीही तोंडात घालू नका. धोतऱ्याचा प्रत्येक भाग विषारी असतो, आणि गाजराच्या कुळात तर खाण्याजोग्या आणि जीवघेण्या वनस्पती इतक्या सारख्या दिसतात की जाणकारही हातात धरून, फळ बघूनच बोलतात.