कुंद्याचा डबा आणि मावशी

प्रश्न : ताई, बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात मी मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. माहेर निपाणीचं. अर्धांगाचा झटका आलेले चिकोडीकडचे एक आजोबा आमच्याकडे २६ दिवस होते. एवढ्या दिवसांत त्यांच्या पाठीला, पडून राहिल्यानं होते तशी, एकही जखम झाली नाही. डिस्चार्जच्या दिवशी मुलानं बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा डबा आणला, "सिस्टर, तुमच्यामुळं हो" म्हणत आम्हा सगळ्यांना हात जोडले. आजोबांना वेळच्या वेळी कुशीवर वळवणाऱ्या, त्यांचं सगळं काढणाऱ्या वॉर्डातल्या आयाबाई, आमच्या मावशी, तेव्हा खाली चादरी द्यायला गेल्या होत्या. आम्ही कुणीच त्यांचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला कुंदा मी त्यांना कागदात बांधून दिला, "थँक्यू मावशी" म्हटलं. त्यांनी घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही. बरोबरीची एक सिस्टर म्हणते, "जास्त डोक्यावर बसवू नको, उद्या काम सांगितलं तर ऐकायच्या नाहीत." १२ मेला नर्सेस डे आहे. तेव्हा तरी मावशींसाठी काही करावं का?
– एक स्टाफ नर्स, बेळगाव

उत्तर : तो कुंदा तुला गोड लागला नाही, म्हणून तू हे पत्र लिहिलंस. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीतही असा एक घास आहे, आजवर खाली उतरला नाही. तो आधी सांगते.

थायरॉइडचं ऑपरेशन झालेली एक बाई होती, माझी रात्रपाळी. गळ्यावरचं ड्रेसिंग मी सारखं बघत होते, कोरडं होतं. आयाबाई उशीचा अभ्रा बदलायला गेल्या आणि त्यांनी मला कानडीतून हाक मारली. बाईची मान उचलून बघते तर खाली उशी भिजलेली. उताणं झोपलेल्या माणसाच्या गळ्यातलं रक्त पुढं दिसत नाही, कडेनं ओघळून मानेमागं साठतं. मानेखाली हात घालून बघायचं असतं, हे मी शिकलेली होते. त्या रात्री घातला नव्हता. डॉक्टरांना बोलावलं, बाईला पुन्हा थिएटरात नेलं, ती वाचली. सकाळच्या राउंडला मोठे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "सिस्टरांचं लक्ष होतं म्हणून निभावलं." आयाबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. मी गप्प राहिले.

तीन दिवसांनी त्यांना एकटीला गाठून मी दोन शब्द बोलले. "इरलि बिडरी, अक्का," म्हणाल्या. असू द्या हो, एवढंच. सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सांगायची होती मी आणि मी सांगितलं नाही.

तुझ्या मावशींनी वर का बघितलं नाही, ते मला यातून कळतं. कौतुक चारचौघांत झालं आणि थँक्यू मागाहून, एकटीला, उरलेल्या कुंद्यासोबत आलं. आपल्याकडं बायका एकमेकींना थँक्यू म्हणत नाहीत, त्या शब्दानं अवघडायलाच होतं. त्यांनी काय केलं ते नेमकं सांगावं, आणि जिथं ते मोजलं जातं तिथं सांगावं. म्हणजे पाळी बदलताना, पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना. "चार नंबरच्या माकडहाडावर लाली आहे, दाबल्यावर फिकी होत नाही. सकाळी अंग पुसताना मावशींनी बघितली. आता डाव्या कुशीवर ठेवलंय." एवढं बोलायला अर्धं मिनिट लागत नाही, आणि मावशी तिथं उभ्या असताना बोल. जखमेची पहिली खूण हीच असते आणि ती दिसते अंग पुसणाऱ्याला, तापाचा चार्ट भरणाऱ्याला नव्हे. उद्यापासून "मावशी, कुठं लाल दिसतंय का?" असं तूच रोज विचार. आणि दर दोन तासांनी पेशंट वळवायची वेळ झाली की ड्रॉ शीटचं, म्हणजे पेशंटखालच्या आडव्या चादरीचं, दुसरं टोक तू धर. पन्नाशीच्या बाईची कंबरही माणसाचीच कंबर आहे.

आता एक गोष्ट, जी मला नर्सेस डेच्या केकपेक्षा फार मोठी वाटते. वापरलेली सुई तू स्वतः कापून पांढऱ्या डब्यात टाकतेस ना? घाईत ती ट्रेमध्ये राहते, कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जाते, आणि पिशवी बांधताना टोचते मावशींना. मी हे डोळ्यांनी बघितलंय. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस त्यांना मिळालेत का, विचार. पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस आणि धनुर्वाताची लस द्यायची, असं २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतच आहे. मिळाली नसेल तर मेट्रनबाईंच्या मागे लाग. मावशी स्वतः मागायच्या नाहीत.

डोक्यावर बसण्याचं म्हणशील तर, चांगल्या कामाला चांगलं म्हटलं म्हणून काम सांगायचं थांबत नाही. बेडपॅन वेळेवर दिलं नाही तर तेही सांगायचं, पेशंटसमोर नाही, बाजूला घेऊन. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. "मावशी, तुम्हाला सगळं येतं हो" म्हणायचं आणि सलाइनची बाटली बदलायला, नळीतून पेज द्यायला त्यांनाच पाठवायचं. बाईला बरं वाटतं, ती करते, आणि एखाद्या दिवशी पेज फुप्फुसात गेली की नाव तिचंच येतं. हा मान नव्हे. आपलं काम तिच्या गळ्यात बांधणं आहे.

१२ मे हा नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस, १८२० सालचा. तो साजरा करा, तुमच्या हक्काचा आहे. फक्त त्या वेळी मावशींना चहाचा ट्रे घेऊन उभं करू नका. त्यांना खुर्ची द्या, चहा तुम्ही ओता, आणि कुणाची खानापूरची बस चुकणार असेल तर कार्यक्रम अर्धा तास आधी घ्या. जुनी साडी किंवा पाकीट देऊ नका, ते मालकिणीनं मोलकरणीला दिल्यासारखं दिसतं. कानडी मावशी असतील तर "चलो माडिद्री", म्हणजे चांगलं केलंत, म्हणा, पण काय चलो केलं, तेही पुढं जोडा.

राहिला आजोबांचा मुलगा. तो त्यांना तपासायला परत आणेलच. तारीख कार्डावर बघून ठेव आणि त्या दिवशी मावशींची सकाळपाळी लावून घे. तो आला की त्यांना हाताला धरून त्याच्यासमोर ने आणि सांग, "तुमच्या वडिलांची पाठ यांनी सांभाळली."