शर्टाच्या बटणांसाठी व्हीआर?

प्रश्न: माझे बाबा सत्तरीचे आहेत, पार्किन्सन्स होऊन काही वर्षं झाली. गोळ्या वेळेवर चालू आहेत, चालणं बरं आहे पण हातांचं अवघड होत चाललंय. शर्टाची बटणं लावायला इतका वेळ लागतो की शेवटी आईच लावून देते आणि मग ते चिडतात. घराजवळ एका क्लिनिकमध्ये डोळ्यांवर व्हीआर हेडसेट (आभासी दृश्य दाखवणारा चष्मा) लावून हातांचे व्यायाम घेतात, सेशन्सचं पॅकेज आहे. भाऊ म्हणतो पॅकेज कशाला, हेडसेटच विकत घेऊ. खरंच उपयोग होतो का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, उपयोग होऊ शकतो, पण पैसे भरायच्या आधी घरी एक गोष्ट बघा. बाबांना अंगठा आणि तर्जनी टेकवून पूर्ण उघडायला सांगा, मोठं आणि भराभर, दहा वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा बोटं छान उघडतील, मग बहुतेक अंतर कमी कमी होत जाईल, वेग पडेल, मध्येच बोटं अडकतीलही. बटण अडतं ते इथे. घरचे लोक सगळं खापर कंपावर फोडतात, पण पार्किन्सन्सचा ठरावीक कंप हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसतो आणि कामाला हात घातला की बऱ्याचदा कमी होतो, खरा त्रास असतो तो हालचाल मंद आणि लहान होत जाण्याचा.

मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्या की हालचाल केवढी मोठी आणि किती वेगात करायची हे आपोआप ठरेनासं होतं. पण समोर काहीतरी खूण दिसली की तीच हालचाल सुधारते, म्हणून तर जमिनीवर पट्ट्या आखल्या की यांचं पाऊल मोठं पडतं. व्हीआर हेच करतं. समोर ठोकळा दिसतो, तो चिमटीत धरायचा, उचलायचा, दाखवलेल्या जागी ठेवायचा, चिमूट नीट झाली नाही तर लगेच कळतं, जमायला लागलं की ठोकळे लहान होतात, आणि खेळाच्या नादात माणूस एरवी कंटाळून सोडला असता तेवढा सराव करून जातो.

पुराव्याचं म्हणाल तर 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे वेगवेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) 8 चाचण्या, 263 रुग्ण होते, भर चालण्यावर आणि तोलावर, आणि निष्कर्ष साधारण असा की व्हीआर नेहमीच्या फिजिओथेरपीच्या तोडीचं असू शकतं पण पुरावा कमकुवत आहे. हातांसाठी स्पेनमध्ये 2019 मध्ये 23 रुग्णांचा छोटा अभ्यास झाला, त्यात हेडसेट नव्हता, बोटं टिपणारा लीप मोशन कॅमेरा आणि स्क्रीनवरचे खेळ होते, आणि जास्त बाधित हाताचा वेग आणि कौशल्य सुधारलं. आशा वाटावी असं आहे, पण 23 च माणसं आहेत हे विसरू नका.

माझी खरी अडचण स्पर्शाची आहे. हवेतला ठोकळा बोटांना लागत नाही. बटण लावताना काजाची कड चाचपावी लागते, कापड एका हाताने ताणून धरावं लागतं, बटण अर्धं गेलं की पलीकडून पकडून ओढावं लागतं, यातलं काहीच तिथे नसतं. म्हणून क्लिनिकवाल्यांना सरळ विचारा, सेशन संपल्यावर खरा शर्ट, खरी नाणी हातात देता का? सुरुवातीला आणि शेवटी नऊ खुंट्यांची टेस्ट, म्हणजे नऊ खुंट्या भोकांत घालून परत काढायच्या, घड्याळ लावून घेता का? घेत नसतील तर दुसरीकडे चौकशी करा. आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या मंडळींनाही विचारा, अनुभवी माणसं भेटतील.

जायचं ठरलं तर गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेची अपॉइंटमेंट घ्या, हात ठेवायला दांडे असलेल्या खुर्चीत बसूनच करू दे, उभं राहून नको. उठल्यावर बीपी पडत असेल, चक्कर येत असेल किंवा नसलेली माणसं दिसत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोला, तोवर हेडसेट नकोच.

घरी विकत घ्यायची घाई मी तरी करणार नाही. बोटं एकमेकांआड गेली की हेडसेटच्या कॅमेऱ्याला ती नीट दिसत नाहीत, आणि शेजारी कोणीतरी बसायलाच लागतं. त्यापेक्षा रोज भिजवलेले वाल सोलायला द्या, लसूण, वाती वळणं, चिमटे लावून कपडे वाळत घालणं. एका जाड कापडावर मोठ्या बटणांची पट्टी शिवून घ्या, तुळशीबागेत हवी तेवढी मोठी बटणं मिळतात, मग हळूहळू लहान करत या. आईंना सांगा, बाहेर जायच्या अर्धा तास आधी शर्ट हातात द्या आणि बटणं लावताना त्यांच्याशी बोलू नका, दोन कामं एकदम आली की हात आणखी मंदावतो. फार तर कॉलरचं बटण तुम्ही लावा, बाकीची त्यांची त्यांना लावू दे.

प्रश्न: मलाच पार्किन्सन्स आहे. अक्षर बारीक होत गेलंय, बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. – एक वाचक, हडपसर

उत्तर: काका, रुंद रेघांच्या वहीत रोज थोडं लिहा, प्रत्येक अक्षर दोन्ही रेघांना टेकलंच पाहिजे असं ठरवून, पेन जाड घ्या. आणि शाखेत जाऊन आत्ता जशी सही येते तशी नव्याने नोंदवून टाका, गोळीचा असर चांगला असताना जा.