वाचकांचे प्रश्न : बाळ उशिरा रडलं तेव्हा

प्रश्न : जन्मल्यावर बाळ रडलं नाही. कार्डावर अपगार (जन्मल्यावरच्या स्थितीचे दहापैकी गुण) पहिल्या मिनिटाला ३, पाचव्या मिनिटाला ७ लिहिलंय. मेंदूला इजा झाली असेल का?

नुसत्या या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, प्रतिसाद आणि रंग यांना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन अपगार काढतात. पहिल्या मिनिटाचे ३ म्हणजे बाळाला मदत लागली, एवढंच. पाचव्या मिनिटाला ७ झाले, म्हणजे ती मदत लागू पडली. काळजी वाढते ती दहाव्या मिनिटालाही गुण ५ किंवा कमी असतील तर, किंवा नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं रक्त आम्ल) ७ च्या खाली असेल तर. त्याहून महत्त्वाचं, पहिल्या दोन दिवसांत बाळ कसं होतं? सुस्त, लुळं, दूध न ओढणारं, फिट येणारं? तसं काहीच नव्हतं, तर पुढच्या प्रत्येक अडचणीचं खापर बाळंतपणावर फोडू नका.

प्रश्न : बाळाला तीन दिवस गार गादीवर ठेवलं होतं. नवजात बाळाला ऊब द्यायची असते ना?

एरवी हो. इथे मात्र कारण वेगळं आहे. जन्माच्या वेळी प्राणवायू तुटतो तेव्हा मेंदूच्या काही पेशी तिथेच मरतात. रक्तपुरवठा परत आला की काही तास सगळं सावरल्यासारखं दिसतं आणि त्यानंतर दुसरी पडझड सुरू होते. पेशींमधली ऊर्जा पुन्हा संपते, सूज येते, फिट येतात. थंडावा ही दुसरी पडझड रोखण्यासाठी असतो. म्हणून तो जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करायचा असतो. मध्यम किंवा तीव्र इजेची लक्षणं असलेल्या, साधारण पूर्ण दिवसांच्या बाळालाच तो देतात.

शरीराच्या आतलं तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस, ७२ तास. मग तासाला जास्तीत जास्त अर्धा अंश असं हळूहळू वर आणतात. घाई केली तर फिट येऊ शकतात, रक्तदाब घसरू शकतो. थंडाव्यात ठोके शंभराच्या आसपास किंवा खाली येतात, ते अपेक्षितच असतं. प्लेटलेट, साखर, रक्त गोठणं यांवर मात्र सतत नजर लागते, म्हणून हे काम अतिदक्षता विभागाचंच. घरी ओल्या फडक्याचा प्रयोग कुणी करू नये. आणि ताप या बाळांना विशेष घातक असतो.

फायदा किती? चाचण्यांचा हिशेब असा, की सातेक बाळांना थंडावा दिला तर एकाचा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टळतं. उपचार चांगला आहे, पण हमखास नाही.

प्रश्न : नाळ गळ्याभोवती होती, त्यामुळे बाळाचा प्राणवायू तुटला का?

बहुधा नाही. चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी असा वेढा दिसतो आणि बहुतेक बाळं ठणठणीत असतात. वार अचानक सुटणं, नाळ आधी बाहेर येणं, गर्भाशय फाटणं ही खरी धोक्याची कारणं.

प्रश्न : बाळ आता चार महिन्यांचं आहे. काय पाहायचं?

मान अजून धरत नाही का, मुठी सतत घट्ट आणि अंगठा आत दाबलेला का, लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का, ते पाहा. वर्षाच्या आत एकच हात वापरणं हे 'डावखुरं' असल्याचं लक्षण नाही, दुसऱ्या हाताची तपासणी करून घ्या. डोक्याचा घेर दर भेटीत मोजून तक्त्यावर मांडायला सांगा. बेरा म्हणजे ऐकण्याची तपासणी राहिली असेल तर आधी ती उरका.

अंग थरथरत असेल तर तो हात किंवा पाय हलकेच धरा. थांबलं तर बहुधा साधी थरथर. धरूनही झटके चालूच राहिले, किंवा डोळे एका बाजूला खिळले, तर मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फिजिओथेरपीसाठी निदान पक्कं होण्याची वाट पाहू नका, शंका आली की सुरू करा.